न टोचलेल्या सुईचा धोका

विवाह हेच एचआयव्हीपासूनचे पुरेसे संरक्षण असते, हा समज महाराष्ट्रातच, तोही पुण्यात झालेल्या एका अभ्यासाने पाव शतकाहून अधिक काळापूर्वी मोडीत काढला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९९७ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची त्यात पाहणी करण्यात आली होती. यांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रीच्या व्यवसायात नव्हत्या, त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचा संबंध केवळ आपल्या पतीशी होता, आणि तरीही त्यांच्यातील १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. या स्त्रियांची जोखीम त्यांच्या स्वतःच्या वागण्यातून नव्हे, तर पतीच्या वागण्यातून आलेली होती. हाच निष्कर्ष मणिपूरमध्ये वेगळ्या वाटेने पुढे आला. तेथे इंजेक्शनने नशा करणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या पत्नींची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रिया बाधित निघाल्या, आणि त्या स्वतः इंजेक्शन घेणाऱ्या नव्हत्या.

इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्तीच्या जोडीदाराचा प्रश्न या दोन अभ्यासांच्या मधोमध उभा आहे, आणि सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत तो सहसा मागेच राहतो. याचे कारण असे की कार्यक्रमांची आखणी नशा करणाऱ्या व्यक्तीभोवती होते, आकडेवारी तिचीच ठेवली जाते, आणि घरी असलेली पत्नी, किंवा क्वचित पती, 'सर्वसाधारण लोकसंख्या' या सदरात जमा होऊन जाते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक इंजेक्शनने नशा करतात. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत अशा व्यक्तींमधील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ९ टक्के आढळले, तर देशातील एकूण प्रौढ लोकसंख्येत ते ०.२ टक्क्याच्या आसपास आहे. या दोन आकड्यांतील अंतर लक्षात घेतले, म्हणजे अशा व्यक्तीशी संसार करणाऱ्याने स्वतःच्या संरक्षणाचा वेगळा विचार का करावा, हे निराळे सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात या व्यसनाचा जुना चेहरा मुंबईचा आहे. 'गर्द' किंवा 'ब्राऊन शुगर' या नावांनी ओळखले जाणारे अशुद्ध हेरॉईन १९८० च्या दशकात तेथे पसरले, डॉ. अनिल अवचट यांच्या 'गर्द' या लेखनाने त्याची भीषणता मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली, आणि १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. ओढून घेतल्या जाणाऱ्या गर्दची जागा पुढे काही प्रमाणात इंजेक्शनने घेतली, तेव्हा 'संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट'सारख्या संस्थांनी मुंबईच्या रस्त्यांवर सुया-सिरिंज बदलून देण्याचे, उपचारांशी जोडून देण्याचे काम हाती घेतले. अलीकडे मात्र चित्र बदलते आहे. 'एमडी' म्हणून विकले जाणारे मेफेड्रोन सोलापूरजवळच्या चिंचोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तयार होत असल्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांच्या छाप्यात उघड झाले. भूल दिलेल्या रुग्णाचा घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइन हे इंजेक्शन व्यायामशाळांत जाणाऱ्या तरुणांना बेकायदा विकले जात असल्याच्या कारवायाही पश्चिम महाराष्ट्रात झाल्या आहेत. मेफेड्रोन बहुतांशी नाकाने ओढले जाते, पण ते टोचूनही घेता येते; मेफेंटरमाइन तर कुपीतून थेट सिरिंजमध्येच भरले जाते. स्वतःला 'गर्दुल्ला' न मानणारा, अंगापिंडाने धडधाकट दिसणारा तरुण जेव्हा मित्राच्या सिरिंजने असे इंजेक्शन घेतो, तेव्हा विषाणूच्या दृष्टीने त्याच्यात आणि पुलाखाली बसलेल्या व्यसनी माणसात काहीही फरक उरत नाही.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूरसारख्या गावात हा विषय परक्या शहराचा वाटणे स्वाभाविक आहे. १९३० च्या दशकात साखर कारखान्याभोवती वाढलेल्या या गावात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्या, बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि मालमोटारी यांची ये-जा वाढते, तरुण मुले पुण्या-मुंबईला कामासाठी जातात आणि सणासुदीला परततात. या वर्गांत इंजेक्शनचे व्यसन अधिक आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. मुद्दा एवढाच की पती एका ठिकाणी आणि पत्नी दुसऱ्या ठिकाणी, किंवा दोघेही उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, अशा जगण्यात संरक्षणाचा कोणताही सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून टोळीत एक 'कोयता' धरला जातो आणि मुकादमाची उचल बहुधा नवऱ्याच्याच हाती पडते. अशा स्त्रीला दवाखान्यात जायचे तर त्या दिवसाचा खाडा आणि गाडीभाडे या दोन्हींचा हिशेब कोणाला तरी द्यावा लागतो. शहरी माहितीपत्रकांत लिहिलेला 'आपल्या जोडीदाराशी मोकळेपणाने बोला' हा उपदेश येथे फार दूर जात नाही.

विषाणू सुईतून कसा जातो, हे थोडे जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण अर्धवट माहितीवर आधारलेली सावधगिरी अनेकदा चुकीच्या जागी घेतली जाते. शिरेत सुई नीट गेली आहे की नाही हे पाहण्यासाठी इंजेक्शन घेणारा दट्ट्या किंचित मागे ओढतो, त्याबरोबर रक्ताचा लालसर धागा सिरिंजच्या नळीत उतरतो, आणि मग औषध आत ढकलले जाते. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला तरी नळीच्या टोकाशी, सुई जिथे बसवली जाते त्या पोकळीत, द्रवाचा एक अंश उरतोच, आणि त्यात रक्त असते. सुई वेगळी काढता येणाऱ्या साध्या सिरिंजमध्ये ही पोकळी मोठी असते, तर मधुमेही रुग्ण वापरतात त्या सुई जोडलेल्या बारीक सिरिंजमध्ये ती अगदी नगण्य असते. या उरलेल्या रक्तात एचआयव्ही तापमानानुसार काही दिवस, आणि अनुकूल परिस्थितीत काही आठवडेही, तग धरू शकतो. पाण्याने सिरिंज खळबळून घेतल्याने विषाणूंची संख्या घटते, मात्र ती शून्यावर येत नाही. हीच गोष्ट ज्या झाकणात किंवा चमच्यात पावडर विरघळवली जाते त्याची, गाळण्यासाठी वापरलेल्या कापसाच्या बोळ्याची आणि सामायिक पाण्याचीही आहे. 'सुई माझी वेगळीच असते' असे प्रामाणिकपणे सांगणारा माणूसही चमचा मात्र चौघांत वापरत असू शकतो.

जोडीदार स्वतः इंजेक्शन घेत असेल, तर धोका दुहेरी होतो, आणि स्त्रियांच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर आहे. नशेची सुरुवात करणाऱ्या स्त्रीला पहिले इंजेक्शन अनेकदा तिचा पुरुष जोडीदारच देतो, आधी स्वतः घेतो आणि मग त्याच सिरिंजने तिला टोचतो. विश्वासाची खूण म्हणून स्वीकारलेला हा क्रम प्रत्यक्षात सर्व जोखीम दुसऱ्या क्रमांकावरच्या व्यक्तीवर टाकतो. अशा जोडप्याने प्रत्येक वेळी दोन स्वतंत्र, न वापरलेल्या सिरिंज, दोन स्वतंत्र चमचे आणि स्वतंत्र पाणी वापरावे, आणि स्त्रीने स्वतःचे इंजेक्शन स्वतः घ्यायला शिकावे, हा सल्ला ऐकायला कठोर वाटला तरी तोच शास्त्रशुद्ध आहे.

स्वतः इंजेक्शन न घेणाऱ्या जोडीदारापर्यंत विषाणू येतो तो लैंगिक संबंधातून. बाधित व्यक्तीबरोबरच्या एका असुरक्षित योनीसंबंधात स्त्रीला लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत आठ इतकी मानली जाते, तर बाधित व्यक्तीची सुई वापरल्यास ती दहा हजारांत त्रेसष्टच्या घरात जाते. पहिला आकडा लहान दिसतो म्हणून निर्धास्त होण्याचे कारण नाही, कारण संसारात संबंध एकदाच येत नाही, आणि नुकतीच लागण झालेल्या व्यक्तीच्या रक्तात सुरुवातीच्या काही आठवड्यांत विषाणूंची संख्या अतिशय मोठी असल्यामुळे त्या काळात हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. सुयांची देवाणघेवाण चालूच असलेल्या माणसाला लागण नेमकी कधी झाली हे त्यालाही ठाऊक नसते. गेल्या वर्षीचा 'निगेटिव्ह' अहवाल आजच्या रात्रीची हमी देत नाही.

येथूनच संरक्षणाचा पहिला प्रत्यक्ष टप्पा सुरू होतो, आणि तो पतीच्या नव्हे, तर जोडीदाराच्या स्वतःच्या तपासणीचा आहे. पती तपासणीला तयार होत नाही म्हणून पत्नीही थांबून राहते, हा नेहमीचा प्रकार आहे, आणि त्यात अत्यंत मोलाची वर्षे निघून जातात. श्रीपूरच्या रहिवाशांना अकलूज आणि पंढरपूर येथील उपजिल्हा रुग्णालये जवळची आहेत. अशा सरकारी रुग्णालयांतील 'आयसीटीसी', म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, ही तपासणी विनामूल्य आणि गुप्तता राखून करते, त्यासाठी पतीला सोबत नेण्याची गरज नसते. लागण झाल्यानंतर रक्तात प्रतिद्रव्ये दिसू लागेपर्यंत जो काळ जातो त्याला 'विंडो पीरियड' म्हणतात आणि तो तीन महिन्यांपर्यंत असू शकतो, म्हणून जोखीम चालू असेपर्यंत दर तीन महिन्यांनी तपासणी करणे हितावह ठरते.

निरोधाचा नियमित वापर हे सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारे साधन आहे, आणि ते इतर लैंगिक आजारांपासूनही वाचवते. अडचण अशी की ते वापरायचे की नाही हे ठरवणारा माणूस बहुधा पुरुषच असतो, नशेच्या अमलाखाली तो ठरवण्याच्या स्थितीतच नसतो, आणि पत्नीने आग्रह धरला तर तिच्यावर संशय घेतला जातो किंवा हात उगारला जातो. म्हणूनच तिच्या एकटीच्या हातात राहू शकणारे साधन जास्त महत्त्वाचे ठरते. 'प्रेप' हे ते साधन आहे. लागण होण्यापूर्वीच, ती टाळण्यासाठी रोज घ्यायची ही गोळी असून तिच्यात टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन विषाणूविरोधी औषधे असतात. केनिया आणि युगांडात एक बाधित व एक अबाधित जोडीदार असलेल्या जोडप्यांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोळीने अबाधित जोडीदाराची लागण ७५ टक्क्यांनी घटली. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांवरील बँकॉकच्या २०१३ च्या अभ्यासात एकट्या टेनोफोविरने ती जवळपास निम्म्यावर आणली. गोळी नियमित घेणाऱ्यांत संरक्षण याहून अधिक मिळते. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने प्रेपविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे औषध मिळते. मात्र ते सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही नसल्याची खात्री, मूत्रपिंडाची आणि हिपॅटायटिस-बीची तपासणी आवश्यक असते, आणि योनिमार्गात पुरेसे संरक्षण निर्माण व्हायला रोज गोळी घेऊनही काही दिवस लागतात. अमेरिकेतील आरोग्य यंत्रणा त्यासाठी तीन आठवडे धरते. जिल्हा पातळीवरील सरकारी यंत्रणेत ही गोळी अशा पत्नींपर्यंत सहज पोहोचत नाही, ही खरी उणीव आहे, आणि ती भरून काढण्याची मागणी व्हायला हवी.

निरोध फाटला, जबरदस्ती झाली, अंथरुणाखाली लपवलेली वापरलेली सुई झाडलोट करताना हाताला टोचली, तर वेळ तासांत मोजावी लागते. अशा प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत, शक्य असेल तर पहिल्या दोन तासांतच, 'पेप' नावाचा औषधोपचार सुरू करून तो २८ दिवस पूर्ण करायचा असतो. सरकारी रुग्णालयांत तो मुख्यतः सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि लैंगिक अत्याचारपीडितांसाठी वापरात असल्याने, पत्नीने आपल्या पतीच्या संदर्भात तो मागितला तर तेथील कर्मचारी गोंधळून जाण्याचा संभव आहे. त्यामुळे जोडीदार इंजेक्शनने नशा करतो, अमुक वेळी अमुक घडले, आणि पेप हवे आहे, हे आडवळण न घेता सांगणे उत्तम. टोचलेली जागा साबणपाण्याने धुवावी; ती पिळून रक्त काढू नये, तसेच कोणतेही जहाल जंतुनाशक त्यावर ओतू नये. वापरलेल्या सुया कचऱ्यात न टाकता जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून ठेवाव्यात आणि ती बाटली सुया वाटणाऱ्या संस्थेकडे किंवा रुग्णालयात द्यावी. एकत्र जेवणे, एकाच पेल्यातून पाणी पिणे, कपडे, संडास, डास यांतून एचआयव्ही पसरत नाही, हे सर्वज्ञात असले तरी घरोघरी ते अजून पुरते रुजलेले नाही, आणि त्याच भीतीपोटी बाधित माणसाला घराबाहेर काढण्यातून त्याचे उपचार तुटतात.

पती आधीच बाधित असेल, तर त्याचे औषधोपचार हेच पत्नीचे सर्वांत भक्कम कवच ठरते. ही गोष्ट सिद्ध करणाऱ्या जागतिक चाचणीत पुण्याचाही वाटा आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या 'एचपीटीएन ०५२' या चाचणीत पुणे आणि चेन्नई येथील जोडप्यांचा समावेश होता. बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हा तिचा निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाला. पुढे 'पार्टनर' या युरोपीय अभ्यासात, बाधित व्यक्तीच्या रक्तातील विषाणू औषधांनी मोजता न येण्याइतका दाबला गेला असताना, निरोधाविना झालेल्या सुमारे ५८ हजार संबंधांतून एकाही जोडीदाराला त्या व्यक्तीकडून लागण झाली नाही. परंतु ही ग्वाही लैंगिक संबंधापुरती आहे. सुई वाटून घेण्याच्या बाबतीत तितकाच ठाम पुरावा उपलब्ध नाही, म्हणून औषधे चालू असली तरी सुई वेगळीच हवी. भारतात ही औषधे 'एआरटी', म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचाराच्या, केंद्रांतून एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळतात, आणि २०१७ पासून प्रतिकारशक्ती घटण्याची वाट न पाहता निदान होताच ती सुरू केली जातात. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात असे केंद्र आहे, आणि हंगामात गाव बदलणाऱ्या कुटुंबाला आपली नोंद दुसऱ्या केंद्राकडे हलवून घेता येते.

'आधी त्याचे व्यसन सोडवा, मग बाकीचे पाहू' हा कुटुंबाचा आणि पुष्कळदा डॉक्टरांचाही पवित्रा असतो, आणि तो समजण्यासारखा असला तरी घातक आहे. व्यसनमुक्तीत पुन्हा घसरणे हा आजाराचाच भाग आहे, आणि घसरण्याच्या त्या रात्री सुई उसनी घेतली जाते. हेरॉईनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर 'ओएसटी' हा उपचार आहे. त्यात ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रावर जिभेखाली दिली जाते, त्यामुळे तलफ आणि अंगदुखी आटोक्यात राहून इंजेक्शनची गरज उरत नाही. या प्रकारच्या उपचारांवरील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात एचआयव्हीची लागण ५४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मेफेड्रोन आणि मेफेंटरमाइन ही मात्र उत्तेजके आहेत, त्यांच्यावर ओएसटीचा उपयोग नाही. उत्तेजकांच्या अमलात माणूस एका रात्रीत अनेकदा टोचून घेतो आणि त्याची लैंगिक बेफिकिरीही वाढते, त्यामुळे अशा व्यक्तीच्या जोडीदाराने निरोध, प्रेप आणि नव्या सिरिंज यांवरच अधिक भिस्त ठेवणे भाग आहे. व्यसनी पतींच्या पत्नींसाठी मुक्तांगणचा 'सहचरी' हा आधारगटही आहे, आणि अशा मेळाव्यांत ज्या मोकळेपणाने बोलले जाते तो मोकळेपणा घराच्या चार भिंतींत क्वचितच मिळतो.

एचआयव्हीच्या बरोबरीने हिपॅटायटिस-सी आणि हिपॅटायटिस-बी हे यकृताचे विषाणूही सुईतून पसरतात, आणि सी विषाणू तर एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो. हिपॅटायटिस-बीवर लस आहे, ती जोडीदाराने घ्यावी. सी विषाणूवर लस नाही, पण तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी तो बरा होतो, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार विनामूल्य आहेत.

कायद्याची भीती हा अनेक कुटुंबांना दवाखान्यापासून दूर ठेवणारा घटक आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सेवन हा गुन्हाच आहे, पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमाने स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण दिले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने सुई बदलून देणे आणि ओएसटी देणे यांसारख्या सेवांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. पतीचा अहवाल पत्नीला आपोआप कळेल, असे मात्र हा कायदा म्हणत नाही. बाधित व्यक्तीच्या संमतीशिवाय तो उघड करता येत नाही, आणि जोडीदाराला गंभीर धोका असल्याचे दिसत असूनही बाधित व्यक्ती सांगत नसेल, तरच डॉक्टर किंवा समुपदेशक समुपदेशनानंतर, प्रत्यक्ष भेटीत, ते सांगू शकतात. म्हणजेच पतीच्या अहवालाची वाट पाहत बसण्यात पत्नीला कायद्याचीही साथ नाही. नॅकोची १०९७ ही दूरध्वनी सेवा आणि व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही सेवा विनामूल्य आहेत, तर मारहाणीची भीती असेल तेव्हा १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक उपयोगी पडतो.

मूल हवे असलेल्या जोडप्याला तर हे सारे दुप्पट लागू होते. बाधित आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीचे प्रमाण कोणताही उपाय न केल्यास १५ ते ४५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि योग्य औषधोपचारांनी ते ५ टक्क्यांच्या आत आणता येते. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी उभ्या केलेल्या 'पालवी'त वाढलेली मुले ही उपचार वेळेवर न मिळाल्याची किंमत काय असते, हे जिल्ह्याला वर्षानुवर्षे दाखवत आली आहेत. गरोदरपणात सुरुवातीला एकदा होणारी तपासणी अशा स्त्रीसाठी पुरेशी नसते. पतीची जोखीम चालू असेल, तर गर्भारपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना नव्याने लागण होऊ शकते आणि नेमक्या त्याच काळात बाळालाही धोका सर्वाधिक असतो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात, प्रसूतीच्या वेळी, आणि नंतर अंगावरचे दूध सुटेपर्यंत दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी, आणि पती इंजेक्शन घेतो हे आशाताईला किंवा परिचारिकेला सांगण्याइतका विश्वास कोठेतरी निर्माण व्हावा.